नालुग्वा आत्याचे गुडघे आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे बघणारी नव्हे, पोटात डोकावणारी! हातभर लांब, करंगळीएवढी जाड. बेंबीजवळच्या छोट्याशा छिद्रातून मी आत शिरते आणि डॉक्टरांना पडद्यावर सगळं दाखवते. परदेशी कारखान्यात घडले, मसाका शहरातल्या या इस्पितळात नांदायला आले आणि प्रकाशाची वायर तुटली म्हणून कपाटात धूळ खात पडले. डॉक्टर क्येयुने यांनी खटपट करून नवी वायर मिळवली, तेव्हा कुठे माझे दिवस पालटले.

त्याच सुमारास नालुग्वा आत्या आली. लग्नाआधी मुलींना अंगाच्या, संसाराच्या चार गोष्टी सांगणं हे आमच्याकडे आत्याचंच काम. ही तर इतकी बिनधास्त, की मुली लाजून चूर व्हायच्या. पण जुन्या बद्धकोष्ठापायी कुंथून कुंथून तिचं आतडं शौचाच्या जागेतून बाहेर येऊ लागलं होतं. गुडघे टेकले की हमखास. हे मात्र तिने कुणालाही सांगितलं नाही. बायकांनी गुडघे टेकून नमस्कार करायचा आणि ही आपली उभीच! "हिला शिंगं फुटलीत," लोक म्हणू लागले. शेवटी भाची प्रॉसीच्या क्वांजुलाला, आत्याने वराकडच्यांपुढे गुडघे टेकून मुलीला पुढे आणायच्या सोहळ्याला, तिने येणारच नाही म्हटलं.

"मी निवडलेला नवरा पसंत नाही ना तुला?" प्रॉसी चिडून म्हणाली.

"अगं, सोन्यासारखा आहे तो!" म्हणत आत्या रडली आणि सगळं बोलून गेली. प्रॉसीने सोहळा पुढे ढकलला आणि आत्याला हात धरून इकडे आणलं. ऑपरेशनच्या मेजावर पडल्या पडल्या आत्याने हे सिस्टरला सांगितलं, म्हणून मला कळलं.

मग मी आत गेले. डॉक्टरांनी घसरलेलं आतडं अलगद वर ओढलं आणि जाळीच्या पट्टीने मागच्या हाडाला बांधून टाकलं. पोटावर उरले फक्त टिकलीएवढे चार व्रण.

पुढे ती प्रॉसीबरोबर तपासणीला आली, तेव्हा सिस्टर मला पुसत होती. "कुठंय ती दुर्बीण?" म्हणत आत्या दारात आली आणि तिने चक्क माझ्यापुढे गुडघे टेकले.

"आत्या, यंत्राला कुणी नमस्कार करतं का? ऊठ!" प्रॉसी हसत सुटली.

"गप गं. टेकलेत एकदाचे, राहू दे जरा."

मित्रांनो, माझी काच मऊ कापडाने पुसा, वायर मुडपू नका, एवढं तर मी मागणारच. पण तुमच्या घरातलं कुणी बसायचं-टेकायचं टाळत असेल, तर त्याला शिष्ट म्हणण्याआधी जवळ जाऊन विचारा, "कुठं दुखतंय का?"