गोदूबाईंनी वाचलेला पेपर

गोदूबाईंच्या नातवाचं, निकेतचं बारसं २००१ साली झालं. त्याच आठवड्यात मी भाईंदरच्या एका शाळेत आलो. मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. माझ्या पोटात बारीक सुया आहेत. त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि कागदावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटतं.

गोदूबाई शाळेत झाडलोट करायच्या. तरुणपणी मिठागरात राबलेल्या, अक्षरओळख नव्हती. संगणक शिकवणाऱ्या उर्मिला बाई मधल्या सुट्टीत रोज माझ्याकडून एक मोठं अक्षर छापून घेत आणि त्यांच्या हातात देत.

"मना न्हाय जमायचं, बाई."

"मीठ ओढायला जमलं ना, मावशी?"

"मीठ रोज एकच दिसतं. तुमची अक्षरं रोज नवीन हायत!"

वाचता यायला तीन वर्षं लागली.

पुढे ऑफिसात लेझर प्रिंटर आला, मुख्याध्यापकांकडे रंगीत आला आणि सगळे संगणक एकमेकांना जोडले गेले. कुठूनही कुठेही छापता येऊ लागलं. पण प्रिंटर निवडायला विसरलं, की कागद भलत्याच खोलीत निघे. कारकून पंढरीनाथ यांच्या हातून असं तीनदा झालं. त्यांना ताकीद मिळाली: आणखी एक चूक, की नोकरी गेली.

२००६ च्या जानेवारीत दहावीची मुलं लॅबमध्ये बसली होती. अचानक मला काम आलं. मला नाही म्हणता येत नाही; जे येतं ते छापावंच लागतं. उर्मिला बाई पलीकडच्या टोकाला, एका बंद पडलेल्या संगणकाशी झटत होत्या. माझ्याजवळ फक्त गोदूबाई, हातात फडकं.

त्या वाकल्या. मी जितका सावकाश छापत होतो, तितक्याच सावकाश त्यांचे ओठ हलत होते. स... रा... व. प... री... क्षा. इ... य... त्ता. द... हा... वी.

मी हजारो कागद छापले होते. पण माझ्या सुयांच्या चालीने कुणी वाचत येताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी थक्क झालो.

समोर बसलेल्या मुलांचाच पेपर होता तो. गोदूबाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं, कागद फाडून काढला आणि पदराखाली घेतला.

"मावशी, काय छापलंय? दाखवा ना!" साईराज उठलाच.

"तुजे लग्नाची पत्रिका हाय. बस खाली!"

वर्ग खो खो हसला. साईराज लाजून बसला. तेवढ्यात पंढरीनाथ धापा टाकत दारात आले. ऑफिसच्या प्रिंटरजवळ वाट पाहून त्यांना आपली चूक कळली होती. गोदूबाईंनी कागद त्यांच्या हातात दिला.

"कोनी न्हाय वाचला," त्या हळूच म्हणाल्या. मग थांबल्या. "मी वाचला."

पंढरीनाथ यांनी आधी ते काम संगणकावरून रद्द केलं, मगच माझं बटण पुन्हा लावलं. त्यांची नोकरी राहिली.

मित्रांनो, छापण्याआधी कागद कोणत्या खोलीत निघणार ते नीट बघा. आणि आमच्याजवळ कुणी अक्षरं जुळवत उभं असेल, तर कागद ओढून घेऊ नका. त्याचं वाचून होऊ द्या.

मी आता लॅबच्या कपाटावर असतो. गोदूबाई १२ ऑगस्ट २००९ रोजी वारल्या.