मावशींसाठी एक अख्खं सँडविच

बेकनचा आवाज बदलला तसं ताईंनी बोलणं अर्ध्यावर सोडलं आणि कालथा उचलला. बेकनमध्ये पाणी असतं तोवर ते तव्यावर चडचड करत असतं. पाणी उडालं की आवाज खाली येतो आणि चरबी बारीक सुरात सुटायला लागते. नेमकं तिथे उलटायचं. आधी उलटलं तर चिवट, नंतर उलटलं तर कोळसा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी नाक गेलं, तेव्हापासून कान कामाला लागले होते.

नाक गेलं म्हणजे चेहऱ्यावर होतं तिथेच होतं, चष्मा टेकवायला उपयोगी पडत होतं. पण एका तापानंतर वास जो गेला तो परत आला नाही, आणि पाठोपाठ चवही गेली. जिभेला ऊन आणि गार एवढंच कळे. घरी नवऱ्याला आणि मुलीला ठाऊक होतं. सकाळी दूध नासलंय की नाही हे मुलगी हुंगून सांगायची आणि मग कॉलेजला पळायची. इस्पितळाच्या कँटीनमध्ये मात्र ताईंनी ताकास तूर लागू दिली नव्हती. अकरा वर्षं तवा त्यांच्याकडे होता. स्वयंपाकिणीला चव कळत नाही हे बाहेर फुटलं असतं तर तिला तव्यापाशी उभं कोण करणार?

मावशींना मात्र तिसऱ्याच दिवशी कळलं. मावशी भांड्यांवर होत्या. त्या दिवशी ताई पावांना भराभर लोणी लावत होत्या. मोरीपाशी असलेल्या मावशी ओल्या हातांनी चालत आल्या, लोण्याचं भांडं उचललं आणि सरळ गरम पाण्यात बुडवलं. "खवट झालंय," त्या एवढंच म्हणाल्या. मग आठही पाव आपल्या हाताने उष्ट्याच्या डब्यात टाकले आणि हळूच विचारलं, "कधीपासून कळत नाहीये?"  ताईंनी खरं सांगितलं, आणि मावशींनी ते पोटात ठेवलं.

तेव्हापासून त्या दोघींचा एक रिवाज पडला. रोजच्या पहिल्या सँडविचचा कोपरा कापून ताई बशीत ठेवायच्या आणि ती बशी मोरीच्या कट्ट्यावर सरकवायच्या. मावशी तो घास सावकाश चावायच्या. सगळं ठीक असलं तर बशी धुऊन पालथी घालायच्या. काही बिनसलं असलं तर बशी तशीच उताणी राहायची आणि मग ताई एकेक जिन्नस नेऊन दाखवायच्या. आठ महिन्यांत बशी अकरा वेळा उताणी राहिली. दोनदा बेकनलाच वास येत होता. त्यातलं एकदाही काही गिऱ्हाइकाच्या पानात गेलं नाही. रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सेस भुकेने कावलेल्या असत. ते जाडजूड सँडविच दोन्ही हातांत धरून त्या खायच्या आणि जाताना 'ताई, जीव आला' म्हणायच्या. ताईंना दर वेळी वाटायचं, हे मोरीकडे बघून म्हणा.

आज मावशींचा शेवटचा दिवस होता. गुडघे बोलायला लागले होते, धाकट्या बहिणीने गावी बोलावून घेतलं होतं. दोन वाजता निरोप, तीनची बस. सकाळी नेहमीसारखी बशी गेली आणि पालथी झाली. त्यानंतर ताईंनी मोरीपाशी जाऊन सांगून टाकलं, की दुपारचं सँडविच मावशींसाठी, अख्खं, आणि ते आधी चाखायचं नाही. इतक्या दिवसांत मावशींच्या वाट्याला कोपऱ्यापलीकडे काही आलं नव्हतं.

पण मनात दुसरंही काही होतं, ते ताईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. उद्यापासून बशी कुणापुढे सरकवायची? आठ दिवस विचार करून त्यांनी ठरवलं होतं की आता मापावर चालायचं. मीठ चमच्याने, लिंबू थेंबांनी, माल रोज ताजा. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजचं सँडविच न चाखता जमलं, तर कँटीनच्या साहेबांना काही सांगायची गरजच नाही.

दुपारची गर्दी ओसरल्यावर त्या कामाला लागल्या. जाड कापलेले दोन पाव, बाहेरच्या बाजूंना लोणी अगदी काठापर्यंत. अॅव्होकाडो देठापाशी दाबून पाहिला, बोट किंचित रुतलं, म्हणजे पिकलेला. त्याचा गर काट्याने चेचला, पण लगदा केला नाही, थोडे तुकडे ठेवले. लिंबू पिळलं, मिरपूड घातली, मापाचा चमचा भरून मीठ घातलं. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. निरोपाच्या भेटीचा थर्मास आणला होता, तो कागदात गुंडाळायला कुणी मिळेना. ताई गेल्या, थर्मास गुंडाळला, चिकटपट्टी दातांनी तोडली आणि परत आल्या. वाटी समोर होती, चमचा मिठाच्या डब्यात होता. मनात मावशींचे विचार चालले होते. चमचा भरला आणि वाटीत रिकामा केला.

मग चीज. खालच्या पावावर किसून, वरच्या पावावरही किसून, म्हणजे वितळल्यावर ते दोन्हीकडून धरून ठेवतं आणि अॅव्होकाडो घसरत नाही. मध्ये एरवी बेकनच्या चार पट्ट्या. मावशींसाठी म्हणून सहा घातल्या. आच बारीक, वर झाकण. घाई केली की पाव जळतो आणि चीज थंडच राहतं. ताईंनी उलटलं तेव्हा रंग सोन्यासारखा आला होता. एक मिनिट तसंच राहू दिलं आणि मग तिरकं कापलं. चीज तारा धरून खाली आलं.

साहेबांनी निरोपाचं भाषण केलं. भाषण पाच वाक्यांचं होतं, त्यातली तीन स्वच्छतेवर होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. कँटीनमध्ये गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर त्या आजवर बसल्याच नव्हत्या. ताईंनी पुढ्यात ताटली ठेवली. मावशींनी पहिला घास घेतला, चावला, क्षणभर थांबल्या.  मग मावशींनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. कडेला सांडलेलं चीजसुद्धा पावाने पुसून खाल्लं. सगळं संपवून दोन पेले पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अन्नपूर्णा आहेस बाई."

ताईंचा जीव भांड्यात पडला. मावशी सगळ्यांचा निरोप घेऊन पिशवी सावरत निघाल्या, आणि ताई डोळे पुसत तवा खरवडायला लागल्या. भाज्या चिरणाऱ्या वहिनींना उरलेली वाटी दिसली. त्यांनी बोटाने चाटून पाहिली आणि तोंड वाकडं करून मोरीकडे धावल्या.

"अगं ताई, यात मीठ किती! समुद्र आहे की काय?"

ताईंनी वाटीत पाहिलं. कडेला न विरघळलेले मिठाचे दाणे चमकत होते. त्यांना थर्मास आठवला, चमचा आठवला, आणि मावशींनी प्यायलेले दोन पेले पाणी आठवलं. एप्रन न सोडताच त्या बाहेर पळाल्या.

फाटकाच्या पुढच्या थांब्यावर मावशी बाकावर बसल्या होत्या, थर्मास मांडीवर घेऊन. ताईंना धापा टाकत येताना पाहून त्यांनी सरकून जागा केली.

"खारट होतं ना?" ताईंनी विचारलं.

"होतं."

"तुम्ही आठ महिने माझ्याशी एकदाही खोटं बोलला नाहीत. मग आज का खाल्लंत सगळं?"

मावशींनी बस येतेय का ते पाहिलं. "आठ महिने मी लोकांच्या वतीने चाखत होते. त्यांच्या पोटात काय जाणार ते बघणं माझं काम होतं. आजचं तू माझ्यासाठी केलं होतंस. त्यात मी काय खोट काढू?"

ताईंना रडू कोसळलं. रस्त्यावर, एप्रन घालून, लोक बघत असताना त्या रडल्या. मावशींनी त्यांना रडू दिलं. मग पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पण हे माझ्यापुरतं झालं हं. उद्या तिथे आजारी माणसांची माणसं जेवणार आहेत. साहेबांना सांगून टाक. मी होते तोवर झाकलं, आता नको."

बस आली. ताईंनी पिशवी चढवून दिली. उपकार या शब्दाने जे सांगून होत नाही ते सांगायला त्यांना दुसरा शब्द सापडेना, म्हणून त्या दोन्ही हातांनी मावशींचा हात धरून राहिल्या. शेवटी कंडक्टरने घाई केली.

साहेब केबिनमध्ये उद्याच्या पाळ्या लावत होते. ताईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं, ताप, लोणी, बशी, आजचं मीठ. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. आवाज चढवून विचारलं, आठ महिने? कुणाला काही बाधलं असतं तर? ताई म्हणाल्या, बाधलं असतं, म्हणूनच सांगायला आलेय. तवा काढून घेतलात तरी माझं काही म्हणणं नाही.

साहेबांनी पाळ्यांचा कागद बाजूला सारला. तवा तुमच्याकडेच राहू द्या, ते शेवटी म्हणाले, तसं भाजणारं दुसरं कुणी नाही. पण मीठ, वाटण, आतलं सगळं वहिनी करतील, आणि रोज पहिलं ताट दुसऱ्या कुणी तरी चाखल्याशिवाय बाहेर जाणार नाही. ताई 'बरं' म्हणाल्या. अकरा वर्षं ती वाटी त्यांच्या हातातली होती. ती जाताना लागायचं ते लागलंच. पण आठ महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

साहेबांनी मग कपाटातून तपासणीची वही काढली. तिच्यात रोजच्या तारखेपुढे 'चव पाहिली' असा एक रकाना होता आणि त्यात पानंच्या पानं साहेबांची सही होती. साहेबांनी ती पानं चाळली. त्यांनी यातलं काहीही, कधीही चाखलेलं नव्हतं, आणि हे ताईंना ठाऊक होतं हेही त्यांना कळलं. आजचा रकाना अजून कोरा होता.

"आज सकाळी कुणी चाखलं?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"मावशींनी."

साहेबांनी पेन उघडलं आणि ते थांबले. तासाभरापूर्वी त्यांनी मावशींवर भाषण केलं होतं.

"मावशींचं नाव काय?"

ताईंनी सांगितलं. आधी नाव, मग आडनाव. साहेबांनी लिहायला घेतलं. पूर्ण नाव नीट वाचता येईल असं लिहून होईपर्यंत ताई टेबलापाशी उभ्या राहिल्या, आणि मग संध्याकाळच्या पाळीसाठी तवा तापवायला गेल्या.