बद्द वाजणारा पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. लगेच वरवंटा शोधू नका, चटणी वाटायचा पाटा वेगळा. मी गाडीचा पाटा. चाक खड्ड्यात आपटलं की धक्का आपल्या अंगावर घ्यायचा आणि वर बसलेल्याला कळू द्यायचा नाही, हे आमचं काम. माझे सगळे भाऊबंद पोलादाचे. मी मात्र काचेच्या धाग्यांचा आणि प्लास्टिकचा. काचेचा पाटा गाडी पेलणार कशी, अशी शंका तुम्हालाही आली असेल. येऊ द्या, मला सवय आहे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमारास सोलापुरात, होटगी रस्त्याच्या एका लहानशा शेडमध्ये मी तयार झालो. मानसिंग नावाचे इंजिनियर तिथे फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवत. त्याच मालाचा गाडीचा पाटा करून बघायचं त्यांच्या मनात आलं. त्यांच्याकडची सावित्रम्मा पूर्वी हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिने काचेचे बारीक धागे चिकट राळेत भिजवले आणि साच्यात एकावर एक ताणून बसवले. हात खाजवत ती म्हणाली, "सायेब, हे तर सूतच हाय की. सुतावर कुटं गाडी चालते?" जन्माआधीच हे ऐकलं. मग भट्टीत भाजून मी कडक झालो, पण ते वाक्य काही मनातून गेलं नाही.

मला घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी शिवलिंगप्पा नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो मिळाला. मंगळवेढ्याहून ज्वारीची पोती आणताना त्याचा डावा पाटा सारखा तुटायचा. मानसिंगांनी मला फुकट देऊ केलं, आणि तिथेच पंचाईत झाली. "एनप्पा, काय रे मायाप्पा," शिवलिंगप्पा आपल्या ड्रायव्हरला म्हणाले, "फुकट देतोय म्हणजे यात काहीतरी गोम आहे."

मायाप्पा सांगोल्याकडचा. घरी मेंढरं होती, पण त्याचा जीव गाडीवर. मोडक्या पाट्यांनी त्याची कंबर पार कामातून गेली होती. तो म्हणाला, "बसवू द्या मालक. जबाबदारी माजी."

"मोडला तर तुझी नोकरी गेली. मग रडत यायचं नाही."

"व्हय, चालंल."

म्हणजे बघा, टेम्पोच्या बोज्याबरोबर एका माणसाची भाकरीही माझ्या पाठीवर आली.

मला बसवण्याचं काम ज्ञानबा मिस्त्रीच्या गॅरेजात झालं. पोलादी पाट्यांना मधोमध भोक असतं, त्यातून बोल्ट जातो. मला भोकच नाही हे पाहून ज्ञानबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भोकाबिगर ह्यो जागेवर ऱ्हाईल कसा?"

"भोक पाडलं की आतले धागे तुटतात," मानसिंग म्हणाले. "वरून-खालून रबराच्या गाद्या द्या आणि यू-बोल्टने बेताने आवळा. रबर चेपलं की पुरे." ज्ञानबाने तसंच केलं. माझ्या टोकांच्या लोखंडी कड्या टेम्पोच्या सांगाड्यात बसल्या. उजवीकडचा पोलादी संच माझ्याकडे तिरक्या नजरेने बघतोय असं मला सारखं वाटे. असेलही, किंवा माझाच स्वभाव वाकडा.

पहिल्या काही महिन्यांत मी काय काम केलं म्हणून सांगू! पोत्यांची थप्पी लागली तरी हूं की चूं नाही. मायाप्पाची कंबर दुखायची थांबली. वाटेत गाडी थांबली की तो वाकून मला थोपटायचा आणि म्हणायचा, "लई गुणाचा हाय गड्या." आयुष्यात मला एवढंच कौतुक मिळालं, आणि ते मी अजून जपून ठेवलं आहे.

पण ज्ञानबाची एक रीत होती. गाडी लांबच्या खेपेला निघण्याआधी तो प्रत्येक पाटा हातोड्याने ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. बाजारात बायका मडकं वाजवून घेतात ना, तसंच. पोलाद ठण्णकन वाजलं तर धड, बद्द वाजलं तर आत चीर. उजवीकडचे पाटे ऐटीत वाजायचे. माझ्यावर हातोडा पडला की आवाज यायचा बद्द.

"मायाप्पा, ह्यो फुटलाय बग."

"चालतोय की चांगला."

"चालतोय, पर बोलतोय बद्द. मला काय खरं वाटत न्हाय."

पुढच्या खेपेला त्याने जरा जोरात ठोकलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी जोरात. चीर वाढली का, हे त्याला पाहायचं होतं. मनाने तो वाईट नव्हता. मायाप्पाची काळजी म्हणूनच करत होता. मला मात्र तो माझा वैरी वाटायचा. दर वेळी तीच जागा, तोच घाव. हळूहळू आतले धागे खरोखरच तुटू लागले.

एका दुपारी मंगळवेढ्याहून भरून येताना माझ्यातून बारीक तडतड ऐकू आली. टेम्पो डावीकडे झुकला. पोलादासारखा मी एकदम मोडलो नाही. उरलेल्या धाग्यांनी धरून राहिलो, कारण वर मायाप्पा होता. त्याने गाडी अगदी हळू चालवत मालकाच्या दुकानापर्यंत आणली.

शिवलिंगप्पांनी झुकलेला टेम्पो पाहिला आणि हात पुढे केला. "किल्ली दे. त्या कारखानदाराशी तुझं आतून काहीतरी होतं. उगाच नाही जबाबदारी घेतलीस."

मायाप्पाने किल्ली दिली. तो दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. मला त्या क्षणी स्वतःचीच शरम वाटली.

टेम्पो दुसऱ्याच कोणी गॅरेजात नेला. ज्ञानबाने मला काढून पुसलं आणि एकदम थबकला. माझ्या अंगावर गोल पांढरे डाग होते, एकाशेजारी एक, त्याच्या हातोड्याच्या तोंडाएवढे. त्याने मानसिंगांना बोलावून घेतलं.

"सायेब, पैल्या दिसापास्नं बद्द वाजत हुता. म्हून ठोकून बगत हुतो."

मानसिंगांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो ज्ञानबा, हा बद्दच वाजणार! लोखंड आहे का हा? हातोडा लावू नका हे सांगायचं मलाच सुचलं नाही."

ज्ञानबा मला घेऊन थेट दुकानात गेला. "मालक, पाटा मी मोडला. मायाप्पाकडं बोट दावू नका." त्याचे डोळे भरून आले होते.

शिवलिंगप्पांनी डाग पाहिले. ज्ञानबाकडे पाहिलं, पायरीवरच्या मायाप्पाकडे पाहिलं. मग किल्ली पुढे सरकवली. "ठीक आहे, कामावर राहा. पण यापुढं माझं तुझ्यावर लक्ष राहील."

मायाप्पाने किल्ली उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवली.

"नको मालक. आता तुमी मला बी रोज ठोकून बगणार. मी बद्द न्हाय, हे रोज कुटनं दाकवू?"

मला खांद्यावर टाकून तो निघाला. मागून हाका आल्या, पण त्याने वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, आता मी सांगोल्याला त्याच्या कोकरांच्या खोपटाला अडसर म्हणून आडवा पडलेला असतो. हातची नोकरी सोडली म्हणून त्याची बायको केराबाई बरेच दिवस बोलली नाही. एवढ्या आवडीचं काम, पण मायाप्पा पुन्हा स्टिअरिंगवर बसला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्यात कोणी नवं येईल, त्याचा आवाज तुमच्यासारखा नसेल. शंका आली तर त्याला तोंडावर विचारा. फक्त ठोकून पाहू नका. रस्त्यावरून टेम्पो गेला की मायाप्पा अजून मेंढरं सोडून उभा राहतो, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.