रजईतला पंप

आफिफाच्या पत्राला खाजा मियांनी उत्तर दिलं नव्हतं. परभणीला दिलेली ही लेक फोनवर दम्याचं विचारायची आणि ते दर वेळी "बराबर आहे" म्हणून फोन तिच्या आईच्या हातात द्यायचे. शेवटी तिनं पत्रच धाडलं. 'अब्बा, कोणता पंप कधी घेता, तेवढं लिहून कळवा.' ते कागद घेऊन बसलेही. पण डॉक्टरांचं बोलणं आपल्याला नीट कळलंच नाही, हे पोटच्या पोरीला कसं लिहायचं?

पंप दोन होते. निळा ओढला की छाती लगेच मोकळी व्हायची, म्हणून तो ते सकाळ-संध्याकाळ घ्यायचे. तपकिरी ओढून काहीच जाणवायचं नाही, पण निता डॉक्टर म्हणाल्या होत्या, "खरं औषध हे." खाजा मिया आखाडा बाळापूरचे गादीवाले. त्यांच्या घरात चांगली रजई पाहुण्यांसाठी पेटीत राहायची, घरचे जुनी पांघरायचे. खरं औषधही त्यांनी तसंच, अडीनडीसाठी, रजईच्या घडीत जपून ठेवलं.

एका दुपारी पिंजणाच्या यंत्रापाशी कापसाची धूळ उडाली आणि त्यांचा श्वास कोंडला. आत घेतलेला बाहेर निघेना. छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. त्यांनी निळा पंप दाबला. फुस्ससुद्धा झालं नाही. रोज घेऊन घेऊन तो संपला होता.

"पेटी..." एवढंच तोंडातून निघालं.

त्यांच्या बायकोनं, हाजराबीनं, रजया उपसल्या, तपकिरी पंप त्यांच्या तोंडाला लावला. एकदा, पुन्हा एकदा. आता मोकळं होईल, आता होईल. काहीच होईना. खरं औषधही चालत नाही. आपण मरणार, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं.

"अवो, माझ्याकडं पाहा! डोळे मिटू नका!" हाजराबी ओरडली. "जळबा! रिक्षा काढ रे!"

शेजारच्या जळबानं त्यांना उचलूनच रिक्षात घातलं. "बोलू नका चाचा. तसंबी तुमी कवा बोलता?" तो म्हणाला आणि त्यानं रिक्षा सुसाट सोडली.

दवाखान्यात तोंडावर मास्क चढला, त्यातून औषधाची वाफ येऊ लागली. बऱ्याच वेळानं शिट्ट्या कमी झाल्या. निता डॉक्टरांनी हाजराबीच्या हातातला तपकिरी पंप घेतला. "हा रोज घेत होता ना?"



"रजईत ठेवला होता," हाजराबी म्हणाली. "पाहुण्यासाठी!"

डॉक्टर हसल्या नाहीत. "चाचा, निळा आवळलेली श्वासनळी लगेच सैल करतो. दम लागला की तो. तुमचा तपकिरी आतली सूज हळूहळू उतरवतो. बरं वाटत असलं तरी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, वर चूळ भरायची. आजच्यासारख्या वेळी तो कामाचा नाही. आणि निळा रोज लागू लागला, तर आजार वाढतोय समजून लगेच इकडं यायचं. मला विचारलं का नाही?"

"भेव वाटलं," खाजा मिया पुटपुटले. "तुमी म्हणाल, एवढंबी कळत न्हाई."

घरी आल्यावरही ते प्रत्येक श्वास कान देऊन ऐकत होते. नवा निळा पंप खिशात आहे ना, हे पुन्हा पुन्हा चाचपत होते. तपकिरी ओढून त्यांनी चूळ भरली आणि कागद पुढ्यात घेतला.

"आता तरी फोन करा की पोरीला!" हाजराबी म्हणाली.

"फोनवर मी पुन्हा बराबरच म्हणीन."

त्यांनी लिहिलं, 'आफिफा बेटी, बराबर नव्हतं. मी दोन्ही पंप उलटे घेत होतो. फार भ्यालो. अजून भीती गेली नाही.' खाली कोणता पंप कधी, ते सगळं उतरवलं, पाकीट चिकटवलं आणि मध्ये दोनदा थांबून दम खात ते पोस्टापर्यंत चालत गेले. पाकीट टपालपेटीत पडल्याचा आवाज आला, तेव्हाच त्यांनी हात मागं घेतला.