हिरवळीवरचा उंबरा

चहाचा ट्रे दोन्ही हातांत धरून मंजुळाबाई क्लबच्या हिरवळीवरून येत होती. मधोमध आल्यावर ती थांबली, मान खाली घालून कमरेत जराशी वाकली आणि उजवा पाय वीतभर उचलून पुढं टाकला. मग पुन्हा ताठ होऊन चालू लागली. वर मोकळं आभाळ, खाली कापलेलं गवत. वाकावं असं तिथं काहीसुद्धा नव्हतं.

वेताच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायकांत खसखस पिकली.

"अहो मंजुळाबाई, डोकं आपटेल हं!" इंदुताई म्हणाल्या. इंदुताई म्हणजे मोठ्या मॅनेजरांच्या पत्नी आणि लेडीज क्लबच्या सेक्रेटरी. त्यांनी विनोद केला की बाकीच्यांना हसावंच लागे.

मंजुळाबाईनं ट्रे टेबलावर ठेवला आणि तीही पदर तोंडाला लावून हसली.

"सवय हाय बाईसाहेब. हितं दार व्हतं आमचं. लई बुटकं. वाकल्याबिगर आत जाता येत न्हवतं."

"बरं, आणि पाय कशाला उचलला?"

"दाराला उंबरा नसतो व्हय?"

पुन्हा हशा झाला. शालन मात्र ओशाळली. आज चहाची पाळी तिची होती आणि मंजुळाबाई तिच्या घरची मोलकरीण.

कारखान्याची ही कॉलनी म्हणजे सगळा झोकच होता. पिंपरीच्या शिवारात जिथं परवापरवापर्यंत ज्वारी उभी होती, तिथं आता एकसारखे बंगले, लाल मुरमाचे रस्ते, नळाला चोवीस तास पाणी. पुण्याचे पाहुणे आले की तोंडात बोट घालत. क्लब सगळ्यांचा, हिरवळ सगळ्यांची, वाचनालय सगळ्यांचं, शनिवारी तुळशीबागेत नेणारी बससुद्धा सगळ्यांची. दुःख तेवढं ज्याचं त्यानं आपल्या बंगल्यात ठेवायचं.

शालनचं दुःख सतरंजीवर बसून बिस्किट चोखत होतं. कुमू. वय अडीच वर्षांचं, गोरी, गुटगुटीत, डोळे टपोरे, पण अजून पाऊल टाकत नव्हती. रांगायची, बसायची, उभी केली की मटकन खाली. पुण्याच्या डॉक्टरांनी पाय हलवून, ठोकून पाहिले आणि पायांत काही दोष नाही, वेळ आली की चालेल, असं सांगितलं. वेळ काही येत नव्हती. "अगंबाई, अजून नाही का चालत?" असं कुणी कळवळून विचारलं की शालन कुमूचं झबलं उगीच नीट करत बसे. विचारणारीचं पोर नेमकं तेव्हाच समोरून दुडूदुडू पळत जाई.

चहा झाला. बायका रिंग टेनिस खेळायला उठल्या. शालन कप गोळा करत होती, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "शालनताई! कुमू बघा, कुमू!"

कुमू रांगत हिरवळीच्या मधोमध गेली होती आणि तिथं ती उभी होती. एक हात वर केलेला, मूठ अर्धवट मिटलेली. तिनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. गोल फिरून परत आली, पुन्हा गेली. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शालनच्या हातातला कप गवतावर पडला. ती हसत होती, रडत होती, दोन्ही एकदमच. धावत जाऊन तिनं पोरीला उचललं, मुके घेतले आणि चार पावलं बाजूला नेऊन पुन्हा उभी केली.

कुमू मटकन खाली बसली.

त्या संध्याकाळी बंगल्याच्या दारात शालननं रोजच्यासारखा भाकरतुकडा कुमूवरून ओवाळून टाकला. तिन्हीसांजेला पोर बाहेरून आलं की वाटेतलं काही अंगाला चिकटून घरात येऊ नये, म्हणून सासूबाईंनी घालून दिलेली ही रीत. मग पेढे आणवले. पण घरात कुमू काही केल्या उभी राहीना.

"गवत मऊ असतं, पडायची भीती वाटत नाही," नवरा म्हणाला. उद्धवराव कारखान्यात इंजिनियर होते. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असे. त्यांनी दिवाणखान्यात गाद्या अंथरल्या. कुमू गाद्यांवर बसून राहिली.

शालन मग रोज तिला हिरवळीवर नेऊ लागली. तिथं, त्या तेवढ्याच जागेत, पोर चालत होती. एखाद्या खोलीएवढ्या चौकोनात फिरायची आणि कडेला आली की आपली आपण वळायची. हात मात्र कायम वर. मोठ्या माणसाचं बोट धरायला जेवढा वर करावा लागतो तेवढा नाही. तिच्याहून थोड्या मोठ्या मुलीचा हात धरावा, तेवढाच.

हे शालनच्या लक्षात आलं ते एका टळटळीत दुपारी. हिरवळीवर चिटपाखरू नव्हतं. तरी तिनं पोरीला उचललं नाही. चालतेय ना? मग चालू दे. आईचं मन असंच लोचट असतं.

"कुमू, कुणाचा हात धरलाय गं?" तिनं गंमत केल्यासारखं विचारलं.

"हौसा हाय," कुमू म्हणाली.

घरात 'हाय' म्हणणारं कुणी नव्हतं. मंजुळाबाईचं ऐकून शिकली असेल, असं शालननं मनाला समजावलं. पण हौसा?

दुसऱ्या दिवशी मोरीत मंजुळाबाई भांडी घासत होती. शालननं दारात उभं राहून विचारलं, "मंजुळाबाई, हौसा कोण?"

राखेचा हात पातेल्यावरच थांबला.

"कुनी सांगितलं तुमास्नी?"

"कुमूनं."

नळ तसाच वाहत होता. तो शालननं बंद केला.

"माझी लेक," मंजुळाबाई म्हणाली. "चार वर्सांची व्हती. देवी आल्या, त्यात गेली. ल्हान लेकराला जाळत न्हाईत, म्हून परड्यात मूठमाती दिली. मागनं कारखान्यासाठी जमिनी गेल्या. घर पाडायला मानसं आली, तवा समदी घाईच. देव उचललं, जातं उचललं. घर सोडताना आपल्या मानसास्नी, गेलेल्यास्नीबी, नाव घेऊन हाक मारावी लागती बाईसाहेब. 'चल गं, आता तितं ऱ्हायाचं' म्हून. समद्यास्नी मारली. तिला मारायची ऱ्हायली."

"मग नंतर येऊन मारायची!"

"आनि न्हेऊ कुठं? मालकानं रहाटणीत दुसरी बायकू केली. मी भावाच्या पडवीत निजती. भावजय मलाच ठिवून घेती ह्येच लई झालं." तिनं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. "म्हून तर हितं कामाला लागले. येता-जाता तेवढाच उंबरा वलांडती."

शालनला त्या रात्री झोप लागली नाही. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या वर एक हाव बसली होती आणि ती काही केल्या हलत नव्हती.

दिवाळी तोंडावर आली आणि इंदुताईंनी क्लबात जाहीर केलं, "बायांनो, तोंड गोड करा! पोहण्याचा तलाव मंजूर झाला. मुंबईतल्या क्लबांत असतो ना, अगदी तसा. पाडवा झाला की खणायला सुरुवात." बायकांनी टाळ्या वाजवल्या. हिरवळीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या. शालननं पाहिलं, तर ती जागा रेघांच्या अगदी मधोमध होती.

"अहो, तलाव जरा पलीकडं सरकवता येणार नाही का?" तिनं उद्धवरावांना विचारलं.

"का?"

तिनं सगळं सांगितलं. उद्धवराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. भला माणूस. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"शालन, मी मीटिंगमध्ये काय सांगू? तिथं कुणाचं तरी घर आहे म्हणून?"

जागा गेली की पोरीचं चालणं गेलं, एवढंच तिला दिसत होतं. उभा जन्म ही पोर सतरंजीवर बसून दुसऱ्यांची पोरं पळताना बघणार.

पाडव्याच्या दिवशी मंजुळाबाई फराळाचं घ्यायला आली. शालननं तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मंजुळाबाई, हौसाला आता हाक मारा. इथं आणा, माझ्या घरी."

मंजुळाबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"इचार करून बोला बाईसाहेब. आलेलं मानूस पुन्हा जायाचं न्हाई."

"राहू दे. घर काय लहान आहे?"

"मग हाक मी न्हाई मारायची. जिचं घर तिनं मारायची." तिनं ताट पुन्हा उचललं. दारापाशी जाऊन ती म्हणाली, "आनि माघारी वळून बघू नका."

दिवेलागणीला सगळी कॉलनी क्लबाच्या हॉलमध्ये गाण्याच्या कार्यक्रमाला जमली होती. पेटीचे सूर बाहेर येत होते. शालन कुमूला कडेवर घेऊन हिरवळीच्या मधोमध गेली. कुदळी आणि घमेली एका बाजूला येऊन पडली होती. मंजुळाबाई जिथं वाकायची तिथं ती वाकली, पाय उचलून आत गेली. आत काही वेगळं नव्हतं. फक्त पेटीचे सूर एकदम लांबून आल्यासारखे वाटले आणि शेणानं सारवलेल्या जमिनीचा ओला वास आला.

"हौसा," ती म्हणाली. "चल गं बाई. घरी चल. आता तिथं राहायचं."

वाकून ती बाहेर पडली आणि चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही. मुरमाच्या रस्त्यावर येईपर्यंत कडेवरची कुमू जड झाली होती. इतकी, की शालनला तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं.

बंगल्याच्या दारात भाकरतुकड्याची वाटी रोजच्यासारखी भरून ठेवलेली होती. शालन वाटीकडे बघत क्षणभर थांबली. मग तिनं वाटी पायानं बाजूला सारली आणि पोरीला तशीच आत नेली.

सकाळी तिला जाग आली ती उद्धवरावांच्या ओरडण्यानं.

"शालन! अगं, बाहेर ये! लवकर!"

कुमू दिवाणखान्यात चालत होती. गाद्यांवर नव्हे, गार फरशीवर. हात वर नव्हता. दोन्ही हात मोकळे सोडून, एखाद्या चार वर्षांच्या मुलीच्या तोऱ्यात ती खुर्चीपासून खिडकीपर्यंत गेली, खिडकीपासून परत आली.

"मी म्हणत नव्हतो?" उद्धवराव डोळे पुसत म्हणाले. "वेळ आली की चालेल! वेळ यावी लागते!"

शालन जमिनीवरच बसली. एवढं सुख तिला जन्मात कधी झालं नव्हतं. तिनं दोन्ही हात पसरले.

"ये गं माझी राणी. ये आईकडं."

कुमू तिच्याकडे येऊ लागली. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. मंजुळाबाई कामावर आली होती. कुमूनं कान टवकारले, दिशा बदलली आणि आईच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून ती स्वयंपाकघराकडं गेली. बंगल्यातल्या दारांना उंबरे नव्हते, साहेबी पद्धतीनं फरशी सलग होती. तरी स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली आणि पाय वीतभर उचलून आत गेली.

शालन उठून मागोमाग गेली. मंजुळाबाई भिंतीला टेकून उभी होती. कुमूनं तिच्या लुगड्याचा ओचा दोन्ही मुठींत घट्ट धरला होता.

"आये," ती म्हणाली, "लई उशीर केलास गं."

मंजुळाबाईनं तिला उचललं नाही. दोन्ही हात तिनं पाठीमागं नेऊन धरले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती शालनकडं बघत होती.

बाहेरून उद्धवराव आनंदानं ओरडले, "शालन, हाक मार बघू तिला! चालत येते का बघू!"

शालननं तोंड उघडलं. हाक मारायची, पण कुठल्या नावानं, हे तिला कळेना.