जोनेलच्या डोक्यावरची जांभळी टोपी

मी एक जुनी जांभळी टोपी आहे. मित्रांनो, टोपी म्हटल्यावर हसू नका. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, आमच्या काळ्या लोकांच्या गावात रविवारी चर्चला जाणाऱ्या बाईची टोपी म्हणजे तिचा मान. गवताची बारीक वीण, साटीनची पट्टी आणि वर एक ऐटदार पीस, असं माझं रूप. अर्नेस्टीन मावशीने मला हौसेने घेतलं. ईस्टरला, लग्नाला, मयतीला मी मिरवले. लोक माना वळवून बघायचे आणि मी फुगून जायचे.

मग मावशीने मला भलत्याच कामाला लावलं. चर्चच्या मागच्या खोलीत ती पोटुशा मुलींना जमवायची आणि डॉक्टरांशी कसं बोलायचं ते शिकवायची. तपासणीला निघालेल्या मुलीच्या डोक्यावर मला ठेवायची. म्हणायची, "काळ्या बाईचं दुखणं त्यांना उशिरा ऐकू येतं, बायांनो. नीटनेटक्या दिसाल, तर निदान धड बोलतील तरी." मग स्वतःच डॉक्टर होऊन तालीम घ्यायची.

"काय, कशी आहेस?"

"देवाची कृपा," मुली सवयीने म्हणायच्या.

"अगं बये! देवाची कृपा पाद्रीबाबांना सांग. मला कुठे दुखतंय ते सांग!"

सगळ्या खो-खो हसायच्या. मी मात्र गोंधळून जायचे. दिसायचं ठणठणीत आणि सांगायचं दुखतंय? हे जमायचं कसं?

त्यातल्याच जोनेलला नववा महिना लागला होता. तिची थोरली बहीण बाळंतपणातच गेली. दुखतंय म्हणाली होती, तरी दवाखान्याने तिला घरी पाठवलं होतं. त्या दिवशी जोनेलचं डोकं असं ठणकत होतं, की मला आतून ठोके जाणवत होते. पाय सुजून चपलेत मावेनात. तरी तिने ओठ रंगवले, मला नीट बसवलं आणि मावशीबरोबर दवाखाना गाठला.

नर्स म्हणाली, "अय्या, काय सुंदर टोपी! कशा आहात?"

"देवाची कृपा, मॅडम," जोनेल म्हणाली.

अगं, काय बोललीस हे! मला ओरडावंसं वाटलं. मावशीने कपाळावर हात मारला, पण ती मध्ये पडली नाही. बोलायचं जोनेलनेच, असं त्यांचं ठरलं होतं.

डॉक्टर आले. जोनेलने हळूच डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. "छान दिसताय की! डोकं दुखतंय? शेवटी शेवटी होतं असं. पाणी प्या, आराम करा." त्यांचा हात दाराच्या मुठीवर गेलासुद्धा. मी तर कधी नव्हे इतकी ऐटीत होते. मग हा माणूस निघाला कसा? मला काहीच कळेना.

तेवढ्यात जोनेलने मला डोक्यावरून ओढलं आणि डॉक्टरांच्या हातात कोंबलं.

"ही धरा. आता माझ्याकडे बघा. हे डोकं नेहमीसारखं दुखत नाहीये. डोळ्यांपुढे ठिपके नाचतायत. इथे बरगडीखाली कळ येतेय. माझी बहीण घरी जाऊन मेली. मी जाणार नाही. तपासायचं नसेल, तर माझ्या कागदांवर तसं लिहा आणि सही करा."

डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. मग मला खुर्चीत टाकून त्यांनी स्वतः तिचा रक्तदाब पुन्हा घेतला. वाढलेला आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. पुढे नुसती धावपळ. जोनेलला चाकांच्या खाटेवरून नेलं. मी एकटीच खुर्चीत पडून होते, जीव टांगणीला लागलेला.

संध्याकाळी मावशी रडत-हसत आली. "मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत गं बाई!" असं फोनवर सांगत ती धपकन बसली, ती नेमकी माझ्यावर. पीस मोडलं, कड वाकडी झाली. तरी मला आनंदच झाला.

आता मी त्याच मागच्या खोलीत खुंटीवर असते. मला कोणी मागत नाही. परवा बाळाला खांद्यावर थोपटत जोनेल तालीम घेत होती. एका मुलीने विचारलं, "ताई, टोपी घालून जाऊ का?"

"घाल, नाहीतर नको घालू. तपासल्याशिवाय उठायचं नाही, एवढं ध्यानात ठेव."

मित्रांनो, बाईचं ऐकून घ्यायला टोपी घालावी लागते की काढावी लागते, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला माझी एवढीच विनवणी आहे. दुखतंय म्हणणारीला अडून बसायची वेळ आणू नका. ती पहिल्यांदा म्हणेल, तेव्हाच ऐका.