गोदाबाईचा कौल

गोदाबाई देवळाची पायरी चढली ती मनाशी एकच ठरवून. देवी हो म्हणाली तर सोमवारी ठाण्याच्या हॉस्पिटलात सून कल्पिता आपली किडनी नवऱ्याला, म्हणजे गोदाबाईच्या मुलाला, दीपेशला देईल. नाही म्हणाली तर नाही. दीपेश आठ महिने डायलिसिसवर होता. कल्पिताची किडनी जुळली होती, कागद झाले होते, तारीखही मिळाली होती. आता फक्त देवीला विचारायचं राहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ज्या आईचा मुलगा अंथरुणाला खिळलाय ती देवीला विचारत काय बसते? पण गोदाबाईचा नवरा कौल न घेता ऑपरेशनला गेला होता आणि परत आलाच नव्हता. शिवाय सून म्हणजे दुसऱ्याची पोर. तिच्या पोटाला सुरी लावायची तर कुणाला तरी विचारायला हवं, असं तिचं म्हणणं. आणि एकदा म्हटलं की गोदाबाई ऐकते थोडीच!

टिटवाळ्यापलीकडचं हे देऊळ हजारेक वर्षांचं, चुन्याशिवाय रचलेल्या काळ्या दगडांचं. पायऱ्या उतरून खाली गेलं की ओलसर गाभाऱ्यात गावदेवी. मोठ्या कामाआधी इथे कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

राघो गुरवानं गाऱ्हाणं घातलं, कळ्या लावल्या. त्याचा हात मागे येतो न येतो तोच उजवी टपकन खाली आली.

"उजवा!" राघो जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला. कल्पितानं घाईघाईनं हात जोडले.

गोदाबाई जागची हलली नाही. साठ वर्षं तिनं कौल पाहिले होते. डावी कळी राघोनं उगाळलेल्या गंधात बुडवून दाबली होती आणि उजवी नुसती टेकवली होती, हे तिच्या नजरेतून सुटणार होतं काय?

"राघो, परत लाव."

"वैनी, देवीनं होकार दिला ना?"

"देवीनं नाय, तू दिलास. कोणी सांगितलं तुला?"

राघोनं मान खाली घातली. कल्पिताच पुढे झाली. "मी सांगितलं, आई. काकांना काय बोलू नका. डॉक्टर बोलले, आता थांबायला वेळ नाय. डावी पडली असती तर तुम्ही मला जाऊच दिलं नसतं."

"खोटा कौल तुझ्याच अंगावर येल, येडे!" गोदाबाई कडाडली. त्यात रागापेक्षा भीतीच जास्त होती. "राघो, पूस ते गंध. नुसतं पाणी लाव."

राघोनं देवीचे खांदे पुसले. दोन्ही कळ्या गोदाबाईच्या डोळ्यांदेखत सारख्या भिजवल्या, सारख्या लावल्या आणि बाजूला झाला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. समईची वात फडफडली, कल्पितानं ती सारखी केली. गोदाबाईचे गुडघे दुखायला लागले, पण तिनं नजर काढली नाही.

मग डावी कळी हलली. केसभर सरकली आणि थांबली. गोदाबाईला मुलगा हवा होता. खरंखोटं, पापपुण्य सगळं बाजूला, तिला तिचा मुलगा जिवंत हवा होता. जिनं एकाही कौलावरची नजर कधी काढली नव्हती, तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

दगडावर काहीतरी हलकेच पडलं. राघोनं कल्पिताकडे पाहिलं.

"कंची पडली गं?" तिनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"उजवी, आई." कल्पिता लगेच म्हणाली.

"राघो, सगळं उचल."

कळ्या गोळा करून राघोनं दगडावर पाणी ओतलं. तो आवाज थांबेपर्यंत गोदाबाई तशीच डोळे मिटून उभी राहिली. मग चाचपडत सुनेचा हात धरला आणि देवीकडे तोंड केलं.

"आये, जे काय असंल ते माझ्या माथी मार," ती म्हणाली. "या पोरीला हात लावू नको."